सेंटिमीटरवाल्यांना, पुन्हा एकदा

परवा एका वाचकाने वडिलांचा ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट पाठवला. जिभेच्या कडेची कर्करोगाची गाठ, 1.8 सेंटिमीटर, कडा मोकळ्या. संपला रिपोर्ट! गाठ किती खोल गेली, मज्जातंतूंना बिलगली का, याबद्दल चकार शब्द नाही. कागद मात्र गुळगुळीत, लोगो चार रंगांत. घरचे खूश: ‘दोनच्या आत आहे ना!’

हा ‘दोनच्या आत’चा जप इथे किती वेळा मोडून काढला, ते जुन्या वाचकांना ठाऊक आहे. 2018 पासून कर्करोगाच्या टप्प्यांचं वर्गीकरणच बदललंय. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असली, तरी खोली 5 मिलिमीटरच्या पुढे गेली की ती टी-1, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवर, राहत नाही.

आणि खोली म्हणजे जाडी नव्हे, बरं का. समजा, एक गाठ फुलकोबीसारखी वर आलेली. जाडी 7 मिलिमीटर, पण त्यातले पाच पृष्ठभागाच्या वरचे; खोली अवघी दोन. शेजारी एक बारकासा व्रण. त्याने वरचा थर आधीच खाल्लेला, म्हणून व्रणाच्या तळापासून मोजलेली जाडी पाच, पण खोली सात. डोळ्याला फुलकोबी भयंकर वाटते, घात करतो तो व्रण. खोली मोजायची पद्धत गवंड्याला विचारा. शेजारच्या निरोगी अस्तराच्या तळाशी आडवी रेषा धरायची, तिथून गाठीच्या सर्वांत खोल टोकापर्यंत ओळंबा सोडायचा. पॅथॉलॉजिस्टही ओळंबाच म्हणतात.

त्या खोल टोकाशी आणखी एक गोष्ट बघायची: मूळ गाठीपासून सुटलेल्या एकट्यादुकट्या पेशी, किंवा पाचपेक्षा कमी पेशींचे पुंजके. हरळीचं रान उपटलं, तरी मातीत राहिलेलं कांडं फुटतंच. फिनलंडमधल्या संशोधकांनी हे पुंजके आणि खोली एकत्र मोजून धोका ठरवायची सोपी रीत दिली: पाच किंवा जास्त पुंजके, 4 मिलिमीटर किंवा जास्त खोली, म्हणजे धोका वाढला. महागडी तपासणी नको, रोजचीच गुलाबी-जांभळी स्लाइड पुरते.

मग मोजत का नाहीत? माझा संशय असा, की ज्याचं वेगळं बिल लागत नाही ते कुणाला दिसत नाही.

टाटा रुग्णालयाच्या 2015 च्या अभ्यासात, सुरुवातीच्या तोंडाच्या कर्करोगात मानेतल्या लसीकाग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी 80 टक्के तीन वर्षांनी हयात होते. थांबून, गरज पडली तरच काढायचं ठरवलेल्यांत 67.5. तीन मिलिमीटरच्या आतल्या खोलीत हा फायदा ठळक नव्हता. म्हणजे मान उघडायची की नाही, याचा विचारच त्या न लिहिलेल्या आकड्यापाशी अडतो.

वाचकाला म्हटलं, गाठीचे मेणातले ब्लॉक आणि स्लाइड परत मागा, दुसरीकडे वाचून घ्या. लॅबने कळवलंय: लेखी अर्ज करा, चार दिवस लागतील.