उद्याचे नाटक कोण लिहिणार?

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. त्याच संध्याकाळी रमजानचा चंद्र दिसला. आणि त्याच संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात आकाशातून धातूचे एक भलेमोठे कडे येऊन पडले. आकाशात जळत जाणारे तुकडे विदर्भात अनेकांनी पाहिले. हे चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे अभ्यासकांनी सांगितले. इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणी करून गेले. चार दिवस बातम्या झाल्या आणि विषय संपला.

वास्तविक विषय तिथे सुरू व्हायला हवा होता. पाडव्याची गुढी, रमजानचा चंद्र आणि परदेशी अग्निबाणाचे कडे, हे सारे एकाच संध्याकाळी! नाटकाचा पहिला अंक आयताच हाती आला होता. आणि तो आला कुठे, तर झाडीपट्टीत.

धानाची कापणी आटोपली की दिवाळीपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत रात्र रात्र नाटके चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्यांचे केंद्र. मंडई असो की शंकरपट, गावात नाटक होणारच. माणसे तिकीट काढून, थंडीत चादर पांघरून पहाटेपर्यंत बसतात. गाण्यावाचून नाटक त्यांना रुचत नाही. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे शहरांतल्या अनेकांना या रंगभूमीची आठवण झाली.

माझे म्हणणे सरळ आहे. कमी खर्चाचे, स्वतंत्र संहितेचे संगीत विज्ञाननाटक उभे करायला झाडीपट्टीसारखी जागा नाही; आणि ते लिहिण्यात मराठी मुस्लिम लेखकाने मागे राहता कामा नये. यावर जे आक्षेप घेतले जातील, ते तपासून पाहू.

पहिला आक्षेप पैशाचा. विज्ञाननाटक म्हणजे यंत्रे, पडदे, लाखोंचा खर्च, असे आपण सिनेमा पाहून ठरवले. पण ‘रोबो’ हा शब्दच मुळी एका नाटकाने जगाला दिला. कारेल चापेक या चेक लेखकाचे ते नाटक १९२१ मध्ये प्राग शहरात रंगमंचावर आले. त्यातले यंत्रमानव म्हणजे साधे हाडामांसाचे नट होते. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका छोट्या नाट्यगृहात ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ हे संगीत नाटक झाले. परग्रहावरून आलेले नरभक्षक झाड हे त्यातले मुख्य पात्र. ती एक मोठी बाहुली होती आणि आत बसलेला माणूस ती हलवत होता. बैलगाडीच्या चाकाची धाव, चार पत्रे आणि एक हिरवा दिवा एवढ्यावर लाडबोरीचे कडे रंगमंचावर उतरवता येते. बाकीचे आपला प्रेक्षक कल्पनेने भरतो. नुसत्या रंगवलेल्या पडद्याला तो आजवर राजवाडा मानत आलाच आहे.

दुसरा आक्षेप असा की, खेड्यातल्या माणसाला विज्ञान कळणार नाही. हा तर अपमान आहे. २,९२० मेगावॅटच्या चंद्रपूर वीज केंद्राची राख ज्यांच्या अंगणात येते, सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज घेऊन जाणारे ट्रक जे मोजतात, सिरोंचा तालुक्यात वडधमला ज्यांच्या पायाखाली डायनासोरची हाडे आणि दगड झालेली झाडे सापडली, त्यांना विज्ञान कळणार नाही? ते त्यांच्या जगण्यात घुसले आहे. कळत नसेल तर एवढेच, की त्याचे निर्णय कोण आणि कुठे घेतो. नाटकाने तेच विचारायचे.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे. मुस्लिम लेखकाने तलाक, दंगल, दारिद्र्य यांवर लिहावे. उद्याची स्वप्ने दुसरे पाहतील, असे आपण नकळत मान्य करून बसलो आहोत. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, ते आपली वेदना आपण सांगावी म्हणून. ती सांगणे गरजेचे होते, आजही आहे. परंतु ज्या समाजाला सतत कालचाच जाब विचारला जातो, त्याने उद्यावरचा हक्क सोडायचा काय? रुकैया सखावत हुसेन या बंगाली मुस्लिम स्त्रीने १९०५ मध्येच ‘सुलतानाज् ड्रीम’ लिहिले. त्यात सूर्याच्या उष्णतेवर चालणारा देश आहे, हवेत उडणारी वाहने आहेत, राज्य स्त्रियांचे आहे आणि पुरुष मर्दानखान्यात आहेत. नारळीकरांना ज्या कथेसाठी मराठी विज्ञान परिषदेचे बक्षीस मिळाले, ती १९७४ मधली. म्हणजे रुकैयाबेगम कितीतरी पुढे होत्या. त्यांचा वारसा आपण सांगतो का?

राहिला संगीताचा प्रश्न. आपल्यातले काहीजण गाण्याकडे संशयाने पाहतात. त्यांच्या श्रद्धेचा मान राखूनही इतिहास लपवता येत नाही. अल-जझारीने १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात पाण्यावर तरंगणाऱ्या नावेतील चार यांत्रिक वादकांची रचना दिली आहे. लखनौच्या अमानतने १८५० च्या दशकात ‘इंदरसभा’ लिहिली. दुसऱ्या लोकातली परी आणि पृथ्वीवरचा शहजादा यांची ती संगीत प्रेमकथा पारशी-उर्दू रंगभूमीने देशभर नेली. सगनभाऊंची लावणी, अमर शेख यांची शाहिरी ही तर मराठीचीच दौलत आहे.

आता नाटक कसे असावे? गावात कडे पडते. पोलीस पंचनामा करतात, तहसीलदार कुंपण घालतो, भटजी आणि मौलवी दोघेही आपापला अर्थ लावतात. कड्यातून एक मुलगी उतरते. ती शंभर वर्षांनंतरच्या झाडीतून आली आहे. तिथे जंगल उरलेले नाही आणि बोलीही नाही. तिच्या यंत्रात जगातले सगळे आकडे आहेत, पण मोह, तेंदू, ऐन, बिबा ही नावे नाहीत. ती नावे गावातल्या म्हाताऱ्यांच्या गाण्यांत आहेत आणि यंत्राला गाणे ऐकू येत नाही. म्हणून तिला ते शिकावे लागते, रात्रभर, दंडारीच्या फेरात, झाडीबोलीत. इथे गाणे टाळ्यांसाठी येत नाही. ते काढले तर नाटकच उरत नाही. पहाटे मुलगी परत निघते, तेव्हा गावाला ठरवावे लागते की तिच्याबरोबर फक्त गाणी पाठवायची, की जंगलही राखायचे.

याला अनुदान लागत नाही, पुरस्कार लागत नाही. संहिता पावसाळ्यात लिहून व्हावी, दसऱ्याला तालीम सुरू व्हावी आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या मंडईत पडदा उघडावा. पहिल्या रात्री चार माणसे हसतील, दोन उठून जातील. जी पहाटेपर्यंत बसतील, त्यांच्यासाठी तरी आपल्यापैकी कोणीतरी लेखणी उचलावी.