तान्ह्या पोळ्यात आगगाडी का नको?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्या जिल्ह्यात अर्जुनी दोन. एकीच्या वाट्याला रेल्वे आली, ती अर्जुनी मोरगाव. दुसरीच्या वाट्याला नागपूर-रायपूरची सडक आली, ती आपली सडक अर्जुनी. गावाच्या नावातच सडक असलेल्या ठिकाणी राहून मी आगगाडीवर, तेही खेळण्यातल्या आगगाडीवर लिहावे, याचे कुणालाही नवल वाटेल. “बसायला गाडी नाही, अन् खेळण्यातली गाडी कशाला?” असे माझ्या एका वर्गमैत्रिणीने विचारलेही. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेखनप्रपंच!

पुण्याला कोथरूड भागात एक आगळे संग्रहालय आहे. भाऊ जोशी या छांदिष्ट गृहस्थांनी आयुष्यभर जोपासलेल्या वेडातून ते उभे राहिले आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. एका दालनात सबंध शहर वसविले आहे. पूल, सिग्नल, स्थानके, सर्कशीचा तंबू, आणि या साऱ्यांतून धावणाऱ्या इवल्या इवल्या गाड्या! मामा पुण्यात बांधकामावर आहेत, त्यांच्याकडे गेले असता मला हे पाहायला मिळाले. दिवे मालवून रात्रीचा देखावा सुरू झाला, तेव्हा शेजारची लहान मुले आणि त्यांचे आजोबा यांच्या डोळ्यांत मला काही फरक दिसला नाही.

परदेशात तर या छंदाचे मोठे मेळावे भरतात. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी ब्राऊन बंधूंनी २००१ साली सुरू केलेले प्रदर्शन जगातील सर्वांत मोठे मानले जाते. या छंदात सर्वाधिक प्रचलित प्रमाण १:८७ असे आहे. म्हणजे खरा एक किलोमीटर तेथे साडेअकरा मीटरांत बसतो आणि साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरांहून थोडा कमी भरतो. डब्याची खिडकी, इंजिनाची शिडी, फलाटावरचा बाक, सर्व काही याच हिशेबाने. एक वस्तू चुकली की सारे दृश्य खोटे वाटू लागते. हे काम करणाऱ्याला गणित हवे, सुतारकी हवी, रंगाची जाण हवी आणि इतिहासही हवा. याला पोरखेळ कसे म्हणावे?

येथेच माझी तक्रार सुरू होते. बाजारात मिळणारे या प्रमाणाचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात. कारण युरोप-अमेरिकेतील रूळ १४३५ मिलिमीटरांचे आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरांचा. त्याच हिशेबाने तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा. तेव्हा आपल्याकडचा छांदिष्ट तयार रुळांवर आपली गाडी चालवतो, तेव्हा ती परक्या मापावर चालत असते. बारीकसारीक बाब आहे खरी. पण ज्याची वस्तू त्याचे माप, हेच अखेर खरे ठरते.

आता आपल्या भागाकडे वळू या. गोंदियाहून सौंदड, अर्जुनी, वडसा, नागभीड करीत चांद्याकडे जाणारा मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत टाकला. तो होता अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरांचा. म्हातारी माणसे अजून त्याला ‘छोटी लाईन’ म्हणतात. झाडीतला बांबू, सागवान आणि धान याच वाटेने बाहेर गेले. १९९० च्या दशकात ही लाईन मोठी झाली. सौंदडचे स्थानक आपल्याच तालुक्यात आहे. तेथून आज मोठी गाडी जाते. जबलपूर-नैनपूरची छोटी गाडी २०१५ साली थांबली, नागपूर-नागभीडची २०१९ साली. नागपुरात मोतीबागेला छोट्या लाईनीचे संग्रहालय २००२ पासून आहे, तेथे जुनी इंजिने पाहता येतात.

मोठी लाईन झाली हे चांगलेच झाले. गाडी वेगाने जावी, आजारी माणूस वेळेत नागपूरला पोचावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण इंजिन जपले म्हणजे लाईन जपली असे होते काय? माझे आजोबा त्या लाईनीवर खडी टाकायला जात. माझी आजी तेंदूपानांचे ओझे घेऊन तिच्यातून गेलेली. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. मी येथे इतिहास शिकते, त्यात रेल्वे आणणारे गव्हर्नर जनरल येतात. रुळाखाली खडी टाकणारे येत नाहीत. संग्रहालयातल्या इंजिनालाही बोलता येत नाही, ते कुणी ढकलले, कुणी धुतले!

प्रतिकृतीला मात्र हे बोलता येते, हेच मला तिच्यात मोलाचे वाटते. कारण तिच्यात केवळ गाडी नसते. फलाट असतो, फाटक असते, माणसे असतात. सौंदड किंवा देवलगावचे जुने स्थानक तसे मांडले, तर त्यात हातोडा घेतलेला गँगमन उभा करावाच लागेल. बांबूच्या मोळ्या आणि सागाचे ओंडके ठेवावेच लागतील; मग ते कुठे गेले, हा प्रश्नही पाहणाऱ्याला पडेल. आणि तो प्रश्न पडावा, अशीच माझी इच्छा आहे. नुसते गोजिरवाणे दृश्य करून टाळ्या मिळवायच्या असतील, तर ते न केलेलेच बरे.

“हा श्रीमंतांचा छंद आहे,” असे कुणी म्हणेल. विकत आणाल तर आहेच. पण मित्रहो, प्रतिकृतींचा मेळावा आपल्याला नवा आहे काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात तान्हा पोळा भरतो. सुताराने घडवलेले, चाकांवर चालणारे लाकडी नंदी सजवून मुले रांगेत उभी राहतात, उत्तम नंदीला बक्षीस मिळते. ज्यांच्या गोठ्यात बैल नाही, त्यांची पोरेही दोरी धरून दिमाखात उभी असतात! “खरा बैल नाही तर लाकडाचा कशाला?” असे त्यांना आपण कधी विचारत नाही. शिंग, वशिंड, मान यांची ठेवण ओळखणारे सुतार आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारे हात आपल्याकडे आहेत. बांबू तर दारातच आहे. जर्मनीहून काही मागवायची गरज नाही.

म्हणून माझी सूचना अशी. पुढील स्नेहसंमेलनातील प्रदर्शनात एक टेबल छोट्या लाईनीला द्यावे. साडेतीनशे मीटरांचे स्थानक १:८७ ने चार मीटरांत बसते. वर्गाची एक भिंत पुरे. रूळ नऊ मिलिमीटरांचे, म्हणजे अडीच फुटांचे आपले माप. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ज्यांनी ती लाईन पाहिली, त्यांच्या ओसरीवर जाऊन विचारावे: पाण्याची टाकी कोणत्या बाजूला होती, फाटक कोण लावी, मजूर कुठे राहत? गाडी चालली नाही तरी चालेल.

घाई मात्र हवी. लाईन उखडून तीस वर्षे होत आली. स्लीपर गेले, ते परत येणार नाहीत. ज्यांना टाकीची बाजू सांगता येते अशी माणसे प्रत्येक गावात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि कोणत्याही कपाटात त्यांची नक्कल ठेवलेली नाही.