डग्गा कोठें गेला?

गेल्या दिवाळींत आमच्या चिरंजिवांनीं आम्हांस एक हेडफोन आणून दिला. घरांत पंधरा माणसें. आमच्या पहांटेच्या गाण्यानें इतरांची झोंप मोडूं नये, हा त्यांतील हेतु. परंतु पहिल्याच दिवशीं आमची निराशा झाली. तंबोऱ्याची जवारी स्पष्ट, तबल्याची चाट स्पष्ट, आणि डग्ग्याचा घुमारा मुळींच नाहीं! वस्तु परत धाडावी असें आम्ही ठरविलें. खरी भीति निराळीच होती. दोष आमच्या अडुसष्ट वर्षांच्या कानांचाच असला तर? ती आम्ही कोणास बोलून दाखविली नाहीं. वस्तुतः वार्धक्यांत कान बहुधा प्रथम उंच स्वरांस मुकतो, खर्जास नव्हे; पण भीतीस शास्त्र कोठून सुचणार!

शेवटीं धाकट्या नातवानें आमचा चष्मा काढला, आणि डग्गा जागेवर आला.

कारण असें. हेडफोनमधील पडदा अगदीं लहान. खोलीभर हवा हालविणें त्याच्या शक्तीबाहेरचें. गादी, कान व पडदा यांमध्यें जी थोडीशी हवा कोंडलेली असते, तिलाच तो दाबतो व सोडतो. खर्जाच्या स्वरांत हा दाब सावकाश चढतो-उतरतो. मध्यें काडीएवढी फट असली तरी हवा तींतून निसटते आणि दाब टिकत नाहीं. उंच स्वरांत निसटावयास तेवढा वेळच मिळत नाहीं. आमच्या चष्म्याच्या दांडीनें नेमकी ती फट पाडली होती. गादी झिजली, तडकली, तरीहि हेंच होतें. अशा वेळीं दुकानदार नवा हेडफोन पुढें करतो. नव्या गाद्यांचें नांव काढीत नाहीं!

कांहीं हेडफोन पाठीमागें मुद्दाम उघडे ठेवतात. जर्मनींतील सेन्हायझर कंपनीचा १९६८ सालचा 'एचडी ४१४' हा त्याच जातीचा. त्यांचा नाद मोकळा वाटतो खरा, पण तो बाहेरहि सांडतो. एकत्र कुटुंबांत त्यांचा उपयोग नाहीं.

दुसरा कारागीर म्हणजे आपला कान. कानाची नळी सुमारें २.५ सेंटीमीटर लांब व आंतल्या टोंकास बंद. सेकंदास ३,००० आंदोलनांच्या आसपासचा नाद ती आपोआप वाढविते. समोरून येणाऱ्या आवाजावर डोकें व कानाची पाळी यांचेहि संस्कार होतात. हेडफोन यांतील बरेचसे चुकवितो, म्हणून त्यांची भरपाई करणाऱ्यास आधींच करावी लागते. ती किती करावी? अमेरिकेंत शॉन ऑलिव्ह व टॉड वेल्टी यांनीं २०१३ सालीं श्रोत्यांची आवड तपासली. चांगल्या खोलींत ठेवलेला चांगला लाउडस्पीकर कानाशीं जसा पोंचतो, तसा वाजणारा हेडफोन बहुतेकांस पसंत पडला. तरीहि प्रत्येकाचा कान निराळा. शेजाऱ्यानें वाखाणलेला हेडफोन आपणांस रुचेलच असें नाहीं.

हल्लीं आम्ही पहांटे चष्मा काढूनच बसतों. मात्र गाणाऱ्याचें नांव वाचावयाचें झालें कीं नातवास हांक मारावी लागते, आणि घराची झोंप मोडावयाची ती मोडतेच.