आधी ठेका धरा

गिटार घेऊन सहा महिने झाले की बहुतेकांचं एक ठरलेलं असतं. चार कॉर्ड जमतात, दोन गाणी बसतात, त्यातल्या एकाची रील होते. मग परीक्षा येतात आणि गिटार कपाटावर जाते. तुमच्या घरीही असेल अशी एखादी, धूळ खात पडलेली. ‘आपल्यात ते टॅलेंटच नाही रे,’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण खरं कारण बोटांत नसतंच. आपण खोलीत एकटेच वाजवत असतो, हे ते कारण.

अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगराळ भागात गोष्ट उलटी होती. तिथे स्कॉटलंड, आयर्लंडहून आलेल्या लोकांनी फिडलच्या धुना सोबत आणल्या. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, फक्त वाजवायची रीत वेगळी. एक धून म्हणजे बहुधा दोन छोटे भाग, प्रत्येक दोनदा वाजवायचा आणि नाचणारे थकेपर्यंत फिरत राहायचं. गिटार तिथे बरीच उशिरा पोचली आणि तिला काम मिळालं ते मागे बसून ठेका धरण्याचं. खालच्या तारेवर एक ठोका, मग वरच्या तारांवर झणकार. बस्स, इतकंच!

याच भागात, नॉर्थ कॅरोलिनात, 1923 साली डॉक वॉटसन जन्मले. अगदी तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. 1950च्या दशकात ते एका डान्स बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. नाचाला फिडलच्या धुना हव्यात आणि बँडमध्ये फिडलवाला नाही! मग डॉकनी त्या धुनाच गिटारवर बसवल्या, एकेक सूर छेडत. मागे बसणारी गिटार अशी पुढे आली. त्यांचे सासरे गेदर कार्लटन स्वतः फिडल वाजवायचे, म्हणजे घरातही हे संगीत होतंच.

डॉकचं हे वाजवणं ऐकत मिशिगनमध्ये एक पोरगा वाढला. विल्यम अपोस्टॉल, आज जग त्याला बिली स्ट्रिंग्ज म्हणून ओळखतं. जन्म 1992चा. तो दोन वर्षांचा असताना सख्खे वडील अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेले. सावत्र वडील टेरी बार्बर यांनी त्याला गिटार शिकवली. ते धून वाजवायचे, पोरगा ठेका धरायचा. पुढे घरात व्यसन शिरलं, पोराने लहान वयात घर सोडलं, काही काळ हेवी मेटलही वाजवलं. पण शेवटी तो वळला त्याच जुन्या धुनांकडे. 2021 मध्ये त्याच्या ‘होम’ला ग्रॅमी मिळालं. आईवडीलही व्यसनातून बाहेर आले. आणि 2022 मध्ये बिलीने अल्बम काढला तो वडिलांना शेजारी बसवून. नाव ‘मी/अँड/डॅड’.

संगीताने ते घर वाचवलं, असा सोपा दावा आम्ही करणार नाही. व्यसनातून सुटायला उपचार लागतात, माणसं लागतात. पण सगळं विस्कटल्यावरही बापलेकाला परत एकत्र बसता येईल अशी एक जागा शिल्लक होती, आणि ती लहानपणी शेजारी बसून ठेका धरताना तयार झाली होती. हे मात्र नक्की.

आपल्याकडे हे नवीन नाही. भजनी मंडळात सातवीतलं पोर आधी टाळ घेऊनच बसतं. पखवाज त्याच्या हाती नंतर येतो. तोवर लय अंगात भिनलेली असते, बुवांच्या एका नजरेने कुठे थांबायचं ते कळतं. हे कुठल्याही ॲपमध्ये मिळत नाही. यूट्यूब तुम्हाला बोटं कुठे ठेवायची ते दाखवेल, पण तुमची लय पळाली तर तुमच्याकडे बघून हसणार नाही आणि थांबणारही नाही.

तेव्हा एक करून बघा. गिटार खाली काढा, तार बदला. सोसायटीत पेटी वाजवणारे काका असतील, घरी गाणारी आजी असेल, वर्गात व्हायोलिन शिकणारी मैत्रीण असेल. त्यांना म्हणा, ‘तुम्ही वाजवा, मी नुसता ठेका धरतो.’ चुकाल, हसं होईल, होऊ द्या. सोलो नंतर येईलच. आणि नाही आला तरी तुम्ही एकटे वाजवत नसाल.