साडेचार तासांचा हक्क

वाचकहो, हक्क या शब्दाची ओळख आपल्या समाजाला नव्याने करून देण्याची गरज उरलेली नाही. पाण्याचा हक्क आपण महाडला सांगितला, मंदिराच्या दाराशी समतेचा हक्क नाशिकला सांगितला, आणि माणूस म्हणून जगण्याचा हक्क १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपूरच्या भूमीवर लाखो स्त्रीपुरुषांनी स्वतःच्या हातांनी घेतला. परंतु एक हक्क असा आहे, की जो घड्याळावर मोजावा लागतो. तो वेळेत मिळाला नाही, तर नंतर कितीही मोठ्या न्यायालयाने दिला तरी त्याचा उपयोग होत नाही. हा हक्क पक्षाघात झालेल्या गरीब रोग्याचा आहे. त्याविषयी आज चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

ज्याला आपल्याकडे ‘लकवा मारला’ किंवा ‘वारे गेले’ असे म्हणतात, त्यात वाऱ्याचा काही संबंध नाही. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते, रक्त पोहोचेनासे होते आणि मेंदूचा तेवढा भाग मरू लागतो. पक्षाघाताच्या बहुसंख्य रोग्यांत हेच घडते. उरलेल्यांत वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. मोठी वाहिनी बंद झाली, तर उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या तीन तासांत दिले तर अधिक रोगी पुन्हा स्वतःच्या पायांवर उभे राहतात, हे १९९५ साली सिद्ध झाले. ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढविता येते, हे २००८ साली सिद्ध झाले. पुढे २०१५ साली नळीवाटे गुठळी काढून घेण्याची क्रियाही प्रस्थापित झाली. निवडक रोग्यांत ती अधिक उशिरानेही करता येते. पण ती मोजक्याच मोठ्या रुग्णालयांत होते. औषध देण्यापूर्वी मेंदूचे सीटी स्कॅन करावेच लागते, कारण रक्तस्राव झालेल्या रोग्याला तेच औषध विषासारखे होईल. औषध प्रत्येकाला लागू पडत नाही, आणि त्यात धोकाही आहे. परंतु लागू पडते की नाही, हे पाहण्याची संधी तरी प्रत्येकाला मिळाली पाहिजे की नाही?

एका दिवसाचा तपशील

आम्हा वकिलांना कोणतीही हकीकत तारीखवार मांडण्याची सवय असते. गेल्या वर्षी तहसील कचेरीच्या आवारात एक बाई प्रतिज्ञापत्र करून घेण्यासाठी माझ्याकडे आली. नवरा गवंडीकाम करणारा, वय पंचेचाळीसच्या आत. उजवी बाजू लुळी पडलेली, वाचा गेलेली. तिने सांगितलेला क्रम असा : सकाळी सहाला उठून चहा घेताना त्याच्या हातातून कप पडला. साडेसहाला शेजारच्यांनी तोंड वाकडे झाल्याचे पाहिले. कोणी तेलाने चोळण्यास सांगितले, कोणी कबुतराचे रक्त लावण्यास सांगितले. त्यात पाऊण तास गेला. सव्वासातला जवळच्या लहान दवाखान्यात नेले. तेथे सलाईन लावून ‘मोठ्या ठिकाणी न्या’ असे सांगण्यात आले. पावणेनऊला मोठ्या रुग्णालयात पोहोचले. तेथे केसपेपर, रांग, आणि मग कळले की स्कॅनचे यंत्र बंद आहे, बाहेरून काढून आणा. बाहेर पैसे आधी मागितले. दिराने उसनवारी करून पैसे आणीपर्यंत अकरा वाजून गेले. स्कॅन हाती आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता वेळ गेली.

ती बाई मला एवढेच म्हणाली, “साहेब, आम्ही तर सकाळीच निघालो होतो ना जी.”

वाचकहो, या तपशिलात कोणीही दुष्ट नाही. डॉक्टर खोटे बोलला नाही. त्याच्या हाताखाली तेव्हा किती रोगी असतील, याची कल्पना मेडिकल वा मेयोच्या आवारात एकदा उभे राहिलेल्या कोणालाही आहे. विदर्भाचे सर्व जिल्हे, शिवाय बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगाव या बाजूचेही रोगी नागपूरला येतात. तरीही पाच तास गेले, आणि एक कर्ता पुरुष अपंगत्वाच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्रावर अंगठा उमटविण्यापुरता उरला. आमच्या मुदतीच्या कायद्यात विलंब माफ करण्याची सोय आहे. पुरेसे कारण दाखविले की न्यायालय अर्ज स्वीकारते. मेंदूच्या न्यायालयात तसा अर्ज चालत नाही.

जे रुग्णालयापर्यंतच पोहोचत नाहीत

हा तरी शहराजवळचा माणूस. गडचिरोली नागपूरहून सुमारे १७० किलोमीटर आहे, आणि भामरागड तेथून जवळजवळ तितकेच पुढे. गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी ८६ खेड्यांतील मृत्यूंची एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत नोंद घेतली. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाले होते. मृत्यूच्या कारणांत हाच रोग पहिला ठरला. या मृतांपैकी ८७.३ टक्के घरीच मरण पावले. हा श्रीमंतांचा, सुखवस्तूंचा रोग आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. मोहाच्या आणि धानाच्या मुलखातील, अंगमेहनतीवर जगणारी ही माणसे आहेत.

पक्षाघात जात विचारून येत नाही, हे खरे. परंतु त्याच्या आधीचा वाढलेला रक्तदाब कोणाचा तपासला जातो, घरापासून रुग्णालय किती दूर असते, आणि मध्यरात्री उसने पैसे कोण देतो, या तिन्ही गोष्टींवर आपल्या समाजरचनेची छाप स्पष्ट दिसते. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. त्या विसंगतीचे दर्शन घ्यावयाचे असेल, तर रात्रीच्या वेळी सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेर बसलेल्यांकडे पाहावे.

कायदा काय म्हणतो

‘सरकारपाशी पैसा नाही’ हे उत्तर आपल्याला नेहमी ऐकविले जाते. त्याचे प्रत्युत्तर १९९६ सालीच दिले गेले आहे. हकीम शेख नावाचा शेतमजूर ८ जुलै १९९२ रोजी आगगाडीतून पडला. त्याच्या डोक्याला मार लागला. त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांत फिरविण्यात आले. कोठे सोय नव्हती, कोठे खाट नव्हती. शेवटी कलकत्त्याच्या खाजगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून तो वाचला. पश्चिम बंग खेत मजदूर समितीने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. वेळेवर तातडीचा उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग आहे, आणि या घटनात्मक कर्तव्यातून सरकारला पैशाच्या अडचणीमुळे सुटका मिळत नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. त्याला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. शिवाय जिल्हा व तालुका पातळीवरील रुग्णालयांची सुधारणा करावी, कोठे खाट रिकामी आहे हे कळविणारी मध्यवर्ती व्यवस्था करावी, रुग्णवाहिका सुसज्ज असाव्यात, असेही सांगितले. हे निर्देश जणू पक्षाघाताच्या रोग्यासाठीच लिहिले असावेत!

आपल्या राज्यात आणखी एक साधन आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवावयाच्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार तातडीच्या रोग्याकडे अनामत रक्कम मागता येत नाही. किती जणांना हे ठाऊक आहे? ठाऊक नसलेला हक्क म्हणजे कुलूप लावलेल्या पेटीतील धान्य होय.

यंत्रणा उभारणे अशक्य आहे, असेही कोणी म्हणू नये. हिमाचल प्रदेशासारख्या डोंगराळ राज्याने २०१४ पासून एक मार्ग काढला. मेंदूरोगतज्ज्ञ नाही, पण स्कॅनचे यंत्र आहे, अशा जिल्ह्याच्या रुग्णालयातील डॉक्टराने वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञाला भ्रमणध्वनीवर प्रतिमा पाठवावी, सल्ला घ्यावा आणि सरकारने दिलेले औषध मोफत टोचावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली हे औषध पक्षाघातासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले आहे. अत्यावश्यक ठरलेली वस्तू आधी पैसे भरून विकत आणावयास लावणे, हा कोणता न्याय?

दवाखान्यातून घरी आल्यावर

वेळ गेली म्हणून रोग्याचा हक्कही संपला, असे नाही. पक्षाघाताच्या रोग्यांसाठी वेगळा कक्ष, प्रशिक्षित परिचारिका, गिळता येते की नाही याची तपासणी, लवकर सुरू केलेला व्यायाम, यांनी मृत्यू आणि परावलंबन दोन्ही घटतात. आणि यांस महागडे यंत्र लागत नाही. परंतु आपल्याकडे रोग्याला तीनचार दिवसांत घरी पाठवितात व ‘घरच्यांनी व्यायाम करून घ्या’ असे सांगतात. घरच्यांना शिकवून हे काम भागते काय, याची परीक्षा भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रोग्यांवर झाली. तिचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर, ज्यांच्या नातेवाइकांना शिकविले होते आणि ज्यांच्या नातेवाइकांना शिकविले नव्हते, त्या दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ४७ टक्के रोगी मृत वा परावलंबी होते. तेव्हा शासनाने आपला भार रोग्याच्या बायकोच्या आणि शाळा सोडून घरी बसलेल्या मुलीच्या खांद्यावर टाकून मोकळे होऊ नये. कामगार राज्य विमा योजनेत अर्धांगवायू झालेल्या विमाधारकाला दीर्घकाळ आजारपणाचा भत्ता मिळण्याची तरतूद आहे. गवंड्याला, मोलकरणीला, विडी वळणारीला काय आहे?

आपली मागणी आणि आपले काम

मागणी थोडकी आहे. प्रत्येक जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयात चोवीस तास चालू असलेले स्कॅनचे यंत्र असावे. बंद पडल्यास तपासणीचा खर्च रुग्णालयाने करावा. गुठळी विरघळविणारे औषध आधी द्यावे, कागदपत्रे मागून मागावीत. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रोग्याला जवळच्या नव्हे, तर उपचार होऊ शकेल अशा जवळच्या रुग्णालयात न्यावे. प्रत्येक रुग्णालयाने रोगी दारात आल्याची वेळ आणि उपचाराची वेळ नोंदवावी व ती नोंद प्रसिद्ध करावी. ज्याचा हिशेब द्यावा लागत नाही, ते काम होत नाही.

परंतु केवळ मागणी करून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्या गवंड्याचा पहिला पाऊण तास तेलाने आणि कबुतराच्या रक्ताने खाल्ला, हे मी मुद्दाम लिहिले आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात ‘वारे गेले’ ही भाषा शोभत नाही. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, की घड्याळ पाहावे आणि निघावे, एवढे प्रत्येक विहारात शिकविले जावे. रविवारच्या वंदनेनंतर रक्तदाब मोजण्याची व्यवस्था करणे कोणत्याही विहार समितीस अवघड नाही. वाढलेला रक्तदाब हेच या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे आणि त्याची गोळी स्वस्त आहे. खर्रा आणि विडी यांविषयी बोलण्याचीही लाज बाळगू नये.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूला इतरांनी टाकून दिले होते. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, खाटेवर निजविले, आणि रोग्याची सेवा हीच आपली सेवा असल्याचे संघाला बजावले. ‘तो आमच्या उपयोगाचा नाही’ असे त्या भिक्खूंनी दिलेले उत्तर तथागतांनी मान्य केले नाही. आज शासन जेव्हा ‘खाट नाही, यंत्र नाही, पैसा नाही’ म्हणते, तेव्हा तेच उत्तर वेगळ्या शब्दांत दिले जाते. ते आपणही मान्य करता कामा नये.

सकाळीच निघालेल्या माणसाला उशीर झाला, असे पुन्हा कोणाला ऐकावे लागू नये.

जय भीम!