चौकटीतील न उच्चारलेले अव्यय

चित्रपटावरील प्रश्नाचे उत्तर लिहिताना आपण बहुधा कथानक सांगतो, एक-दोन संवाद उद्धृत करतो आणि थांबतो. पडद्यावरील दृश्याचा उल्लेख आलाच तर तो छायाचित्रणाच्या स्तुतीपुरता असतो. माझ्या मते प्रत्येक दृश्यचौकट हे एक विधान असते आणि त्याचा अन्वय लावणे हे प्रेक्षकाचे काम असते.

भाषेत शब्द एकामागून एक येतात. दोन वाक्ये जोडताना 'आणि', 'पण', 'म्हणून', 'तरी' यांपैकी एखादे उभयान्वयी अव्यय निवडावे लागते आणि त्या निवडीतून बोलणाऱ्याची भूमिका कळते. चौकटीतील गोष्टी मात्र एकाच वेळी समोर येतात. पुढे कोण, मागे काय, उजेड कोणावर, मध्यभागी कोण व कडेला कोण, एवढे आपल्याला दिसते. त्यांना जोडणारे अव्यय पडद्यावर नसते.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (2013) या चित्रपटाचे उदाहरण घेऊ. शीर्षकातील शब्द कैकाडी बोलीतला असून त्याचा अर्थ डुक्कर असा आहे. नायक जब्या हा शाळकरी मुलगा. अखेरच्या भागात त्याच्या घरची माणसे पकडलेले डुक्कर बांबूला टांगून नेतात. त्यांच्या मागे शाळेची भिंत आहे आणि तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांच्यासारख्या समाजसुधारकांची चित्रे आहेत. या चित्रांविषयी एकही पात्र अवाक्षर काढत नाही.

आता ही चौकट वाक्यात मांडून पाहा. 'भिंतीवर बाबासाहेब आहेत आणि जब्याच्या घरचे डुक्कर वाहून नेत आहेत' ही केवळ नोंद झाली. 'आणि'च्या जागी 'तरीही' येताच तीच नोंद समाजावरील आरोप ठरते. दिग्दर्शकाने कोणतेही अव्यय आपल्या हाती दिलेले नाही. कोणते निवडायचे, हे आपल्याला ठरवावे लागते आणि त्यातून आपण स्वतः कोठे उभे आहोत, हेही उघड होते.

यावर आक्षेप असा की, हा अर्थ अभ्यासकाने बाहेरून लादलेला आहे. गावातल्या शाळेची भिंत अशीच असते. या आक्षेपाला भाषाविज्ञानातील एक साधी कसोटी उत्तर देते. 'काळ' या शब्दातील 'क'च्या जागी 'ग' ठेवला की 'गाळ' होतो. अर्थ बदलला, म्हणून 'क' आणि 'ग' हे भेद अर्थनिर्णायक ठरतात. हीच कसोटी चौकटीला लावा. भिंत कोरी कल्पिली, तर उरते ते एका कुटुंबाचे कष्ट; समतेच्या वचनाशी असलेला त्यांचा विरोध नाहीसा होतो. म्हणजेच ती चित्रे अर्थाचा अविभाज्य भाग आहेत. भिंत खरोखर तशीच असणे शक्य आहे; पण कॅमेरा तिच्यासमोर ठेवणे, ही निवडच असते.

नोकरी व घरसंसार सांभाळून आपण हा अभ्यास करीत आहात. कोणत्याही चित्रपटातील एकच दृश्य आवाज बंद करून पाहा. पुढे व मागे काय आहे, याची दोन वाक्ये लिहा, त्यांच्यामध्ये रिकामी जागा ठेवा आणि तेथे कोणते अव्यय बसते, ते कारणासह लिहा. आस्वादाची खरी सुरुवात त्या रिकाम्या जागेपासून होते.