श्रेयांक वाया जाऊ नयेत
१९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा बृहत् आराखडा स्वीकारला, तेव्हा गुणवत्तेनुसार वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशांना राज्य विद्यापीठ आणि शिकू इच्छिणाऱ्या सर्वांना कम्युनिटी कॉलेज, म्हणजे सरकारी अनुदानावर चालणारे दोन वर्षांचे स्थानिक महाविद्यालय, अशी रचना ठरली. वेल्डिंग, परिचर्या किंवा वाहनदुरुस्तीचे प्रशिक्षण आणि पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास एकाच आवारात मिळतो आणि दिवसभर नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्गही भरतात, हे या व्यवस्थेचे खरे मोठेपण आहे. अडचण येते ती विद्यापीठात जाताना. कारण श्रेयांक, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे अधिकृत मोजमाप, तिथे अमान्य झाले तर तोच विषय पुन्हा शुल्क भरून शिकावा लागतो, आणि हा भुर्दंड नेमका त्यालाच बसतो ज्याला तो परवडत नाही. २०१० च्या कायद्याने ६० श्रेयांकांची, विद्यापीठ-प्रवेशासाठीच आखलेली सहयोगी पदवी आणली आणि ती मिळवणाऱ्यास राज्य विद्यापीठाच्या एखाद्या केंद्रात, मग ते हवे तेच नसले तरी, तिसऱ्या वर्षाला प्रवेशाची हमी दिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाला मात्र त्या कायद्याने असे बंधन घातले नाही. हा भेद अन्यायकारक असून तो दूर व्हायलाच हवा.